नळीचं दुसरं टोक

॥ श्री ॥

दिघी,
ता. २ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. दिपाली हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तू फोनवर बोलत होतीस तेव्हा आई नुसती हूं हूं करत होती. फोन ठेवल्यावर मला विचारते, पोरगी काय म्हणली रे? तिला फोनवरचं आता काहीच ऐकू येत नाही, पण ते तुला कळू नये म्हणून ती हूं हूं करते. पत्र मात्र ती स्वतः वाचते, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि वाचून झालं की पोथीखाली सारते. तेव्हा यापुढे पत्र. नाना भोसरीत गवंडीकाम करायचे तेव्हा आपण गावच्या शाळेतून त्यांना लिहायचो, तसं. तुझी वहिनी म्हणते, या भावंडांमुळे पोस्टमनला आमच्या घराचा रस्ता तरी कळेल.

आता आमच्या पाटेगाव नगरपालिकेची बातमी. तू गेल्यापासून तुझं नकाशाचं टेबल रिकामं आहे. रिकामं म्हणजे त्यावर पाण्याचा जार ठेवतात. कारखान्यांमुळे गाव केवढं तरी वाढलं, पण काम सगळं बाहेरच्या सल्लागारांकडे. पाइप कुठून न्यायचा ते एक कंपनी सांगणार, तिचं बरोबर आहे का ते दुसरी तपासणार, आणि आम्ही दोघींच्या कागदावर सही करणार. मागे शासनानं साधी माहिती मागवली, तुमच्या टाकीचा तळ किती उंचीवर आहे म्हणून. तेही आम्ही सल्लागारांना विचारून कळवलं. टाकी माझ्या खिडकीतून दिसते.

नवीन मुख्याधिकारी आल्या आहेत, स्वरूपा मॅडम. वयानं तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी सभेत सांगितलं की सल्लागारांची मुदत उन्हाळ्याअखेर संपते, ती वाढवायची नाही. माळवस्तीची पाण्याची लाइन आपण आपल्या हातानं आखायची. जमली तर पुढची मोठी योजनाही आपली. नाही जमली तर त्या मुकाट्यानं जुन्या फायलीवर सही करतील. सगळे खाली बघायला लागले. मीही. पाणीपुरवठ्याचा प्रमुख मी आहे आणि हातानं नकाशा काढून मला किती वर्षं झाली ते मला आठवेना.

आळंदीच्या पुलावर रोजच्यासारखी गाडी थांबवून हात जोडले, तेव्हा तुझं नाव मनात आलं. मला शिकव. तुझ्या कंपनीचं काही नको. कॉलेजात शिकलीस ते दे.

खंडेनवमीला कचेरीतली पूजा झाली. चिमाजी शिपायानं जमिनीची उंची मोजायची दुर्बीण नेहमीप्रमाणे पेटीतून काढून पाटावर मांडली, झेंडू वाहिला, कुंकवाची बोटं ओढली, समोर नारळ फोडला. तू होतीस तेव्हा ती दुर्बीण रोज उन्हात असायची. आता वर्षातून एकदाच बाहेर येते, देवळातल्या उत्सवमूर्तीसारखी.

आईच्या वतीनं लिहितो, तुझी आठवण येते. श्यामरावांना नमस्कार, ऋताला पापा. माया आहे ती तशीच असू दे.

तुझा,
दादा


हैदराबाद,
ता. १९ नोव्हेंबर २०२३

ती. दादास दिपालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आईच्या वतीनं आठवण येते काय? बरं. मग मीही ऋताच्या वतीनं कळवते की तिच्या आईला दिघीचं घर फार आठवतं. ऋताला विचारू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही.

पत्र वाचून मला नानांची पाण्याची नळी आठवली. सुट्टीत आपण त्यांच्या कामावर जायचो. प्लास्टिकची पारदर्शक नळी, आत पाणी. भिंतीच्या अलीकडं तू एक टोक धरून, पलीकडं मी दुसरं. एकमेकांना दिसायचो नाही. नाना सांगायचे, टोक हलवू नका, पाणी आपलं आपण थांबतं. तू ओरडायचास, इकडं थांबलं, तिकडं? मी म्हणायचे, थांबलं. मग नाना रेघ मारायचे आणि दोन्ही रेघा एका उंचीवर निघायच्या. मी कधी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचे, तर तू घाबरून दोनदोनदा विचारायचास. माझं सगळं इंजिनिअरिंग त्यानंतर त्यात काही भर घालू शकलं नाही.

दादा, सल्लागार वाईट नसतात. मीच आहे की एक. पण सल्ला घेणाऱ्याला काय विचारायचं एवढं तरी यायला लागतं, आणि ते येण्यासाठी त्याचे हात मळलेले असावे लागतात. मी तिथं कंत्राटावर होते तेव्हा माझ्यासाठी पद नव्हतं आणि बाहेरच्या कंपनीसाठी पैसे होते. मग मी बाहेरची कंपनी झाले. त्यात कुणाचा दोष काढत बसत नाही आता.

एक सांगते, हसू नकोस. मी इतक्या गावांच्या लाइनी आखल्या, पण माझ्या लाइनीतून पाणी आलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. अहवाल दिला की आमचं काम संपतं. पाणी येतं तेव्हा मी तिसऱ्याच राज्यातल्या गावाच्या नकाशावर असते. ती गावं मला फक्त आकड्यांनी ओळखीची.

तर शिकवते. अट एक. नळ सुटेल त्या दिवशी सगळं बघून मला लिहायचं. कोण काय म्हणालं तेसुद्धा. सोबत पहिला धडा जोडला आहे. पुस्तकात बघून सोडवलास तर मला कळेल.

आईला सांग, कवळ्याची रानभाजी इथं मिळत नाही. वहिनीला नमस्कार. अशीच आठवण काढत जा, कुणाच्याही वतीनं.

तुझी,
दिपाली


॥ श्री ॥

दिघी,
ता. २१ जानेवारी २०२४

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे धडे मिळत आहेत. स्वप्नाली नावाची नवी कनिष्ठ अभियंता आमच्याकडे आहे, ती ते माझ्या आधी सोडवते आणि मला न दुखावता चूक दाखवते. माझी अडचण वेगळीच आहे. हातात पेन घेतलं की हात आपोआप कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो, सही करायला. वरचा कागद कोरा राहतो.

दुर्बीण बाहेर काढून आम्ही टाकीपासून माळवस्तीपर्यंत उंची मोजत गेलो. थंडीत सकाळी निघायचो. स्वप्नाली दुर्बिणीत बघणार, चिमाजी आकड्यांची पट्टी उभी धरणार, मी लिहून घेणार. लोक ट्रकमधून डोकावून विचारायचे, रस्ता होतोय का? कचेरीतले आस्थापनेचे नानासाहेब, सगळ्यांच्या नेमणुका आणि बदल्या त्यांच्या हातातून जातात, ते म्हणाले, सयाजीराव, हे पाणी टाकीतून पाठवताय की नवसातून? सगळे हसले. मलाही हसू आलं.

हिशेब सोबत पाठवला आहे. त्याप्रमाणे वस्तीतल्या सगळ्यात उंचावरच्या घरात, शालनबाईंच्या दारातसुद्धा, पाणी आपल्या बळानं चढतं. बघ आणि कळव. आई विचारते, पोरीला बरं अक्षर कोणाचं लागलं. मी म्हटलं, नानांचं. तिनं कागद जवळ घेतला.

जीव लावून आहेस, तसाच लावत राहा.

दादा


हैदराबाद,
ता. ४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

हिशेब सुंदर आहे. एवढा सुंदर की मला शंका आली. त्या माळावर मी चालले आहे. शालनबाईंचं घर म्हणजे त्या जुन्या चिंचेच्या वरच्या बाजूला असेल, आणि तिथं चढताना मला दम लागायचा. तुझ्या आकड्यांत तो दम कुठं दिसत नाही.

मला एवढंच सांग, तुम्ही टाकीपाशी परत आलात का? ज्या खुणेपासून मोजायला सुरुवात केली, तिथपर्यंत उलटं मोजत परत यायचं असतं. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा जुळला तर मधलं सगळं खरं. नुसतं पुढं जाऊन घरी गेलात तर काहीच कळत नाही. हे मी तुला लिहायला विसरले असेन, कारण ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शिकवायचं सुचत नाही.

परत या आणि मग लिहा. स्वप्नालीला सांग, रागावू नको, पहिल्यांदा माझंही असंच झालं होतं आणि तेव्हा दादा पट्टी धरून उभा होता.

इथं आमच्या इमारतीतून रात्रंदिवस दिवे दिसतात, डोंगर दिसत नाही. दिघीच्या गच्चीवरून लष्कराच्या हद्दीतला तो मोकळा माळ अजून दिसतो का रे? मायेत राहू दे.

दिपाली


॥ श्री ॥

दिघी,
ता. १० मार्च २०२४

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माळ दिसतो. तुझ्या पत्रानंतर मी मुद्दाम गच्चीवर गेलो.

आम्ही परत आलो आणि आकडा जुळला नाही. थोडाथोडका नाही, माणूस बुडेल इतका फरक. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा मोजलं, तर फरक तिसराच. मग दुर्बीण भोसरीत एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उघडली आणि मला बोलावून दाखवलं. आत एक लोंबती काच असते, यंत्र थोडं कललं तरी ती आपोआप सरळ राहते, म्हणून आकडा खरा येतो. ती काच एका अंगाला चिकटून बसली होती. फटीफटीत कुंकू, आणि त्यावर नारळाचं पाणी सुकून राहिलेलं. इतक्या वर्षांच्या खंडेनवम्या आत साचल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, साहेब, मशीन खराब नाही, पूजा जास्त झालीये.

मी चिमाजीला सांगितलं तर त्याला फार लागलं. म्हणाला, आमी तर देव मानला, देवाला कधी कुंकू बाधतं का? मी स्वतः देवभोळा माणूस. संध्याकाळी पोथी उघडून बसलो आणि मनात आलं, आम्ही तिला देव केलं तेव्हाच तिला कामावरून काढलं. शेतकरी बैलाला ओवाळतो, पण दुसऱ्या दिवशी जुंपतो. आम्ही नुसते ओवाळत राहिलो.

चिमाजीची समजूत मॅडमनी काढली. त्यांनी त्याला सांगितलं की यापुढे यंत्राची काळजी तुमच्याकडे, धूळसुद्धा बसू द्यायची नाही. आता तो कुणाला हात लावू देत नाही. मलासुद्धा.

दुरुस्त दुर्बिणीनं पुन्हा गेलो आणि परत आलो. आकडा जुळला. तुझं खरं होतं, वस्तीच्या वरच्या घरांना पाणी चढत नव्हतं. आता मध्ये उंचावर एक लहान टाकी घेतली आहे, ती पंपानं भरायची. हिशेब तपासून पाठव. खुणेवर परत पोचलो तेव्हा उगाच वाटलं, मी तुझीच वाट बघत उभा आहे.

दादा


॥ श्री ॥

दिघी,
ता. १६ जून २०२४

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल माळवस्तीत पाणी सोडलं. तू अट घातली होतीस म्हणून सगळं लिहितो.

सकाळी टाकीवरचा व्हॉल्व्ह स्वप्नालीनं उघडला. आम्ही वर शालनबाईंच्या दारात. बाईंनी तोटीखाली तांब्याची घागर लावून ठेवली होती, कडेला हळदकुंकू. आधी नुसता वारा आला, फुसफुस करत. पोरं हसली. मग तांबडं पाणी थेंब थेंब. मग थांबलं. नानासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी नाम घेत होतो. आणि मग ते आलं, बारीक, पण न तुटता. शालनबाई म्हणाल्या, नव्या सुनेसारखं लाजत आलं की वो. मग विचारलं, आखलं कोणी? मी स्वप्नालीचं नाव सांगितलं आणि तुझं. त्या म्हणाल्या, मग ती का आली न्हाई? मी म्हटलं, लांब असते. तिला सांगा, त्या म्हणाल्या, पहिली घागर तिच्या नावाची वतली. आणि खरंच ती घागर त्यांनी तुळशीला घातली.

सल्लागारांची फाइल बंद झाली. मोठी योजना आता आपण करणार. त्यासाठी पाटेगावला संकल्पचित्रांचा, म्हणजे योजना आखायचा, स्वतःचा कक्ष मंजूर झाला आहे आणि त्यात एक कायमचं पद आहे. आमच्यात ते काम येणारं कुणी नाही. स्वप्नाली शिकते आहे, पण तिला हाताशी धरणारं माणूस हवं. तसं माणूस मिळालं नाही तर वर्षभरात पुन्हा निविदा काढावी लागेल, असं मॅडम म्हणाल्या. भरती राज्यभराची आहे, जाहिरात सोबत पाठवतो. वयाच्या अटीत तू यंदा बसतेस, पुढच्या वर्षी बसणार नाहीस.

बाकी ठीक. आईचे गुडघे दुखतात.

दादा


हैदराबाद,
ता. ३० जून २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तुळशीपर्यंत आले आणि पुढं वाचता येईना.

जाहिरात पाहिली. जाहिरातीवर तू एक शब्द जास्त लिहिला नाहीस. ये म्हणाला नाहीस, नको म्हणाला नाहीस. लगेच आईचे गुडघे. तुला मी लहानपणापासून ओळखते, तुला जे फार हवं असतं त्याच्या शेजारी तू कुणाचे तरी गुडघे ठेवतोस.

भीती वाटते, दादा. पगाराची नाही, श्यामला ते चालेल, त्याची कंपनी हिंजवडीलाही आहे आणि रावेतच्या फ्लॅटची स्वप्नं तो माझ्या आधीपासून बघतो. भीती ही की मी ज्या टेबलावरून उठून गेले तिथं पुन्हा बसायचं, आणि पुन्हा कुणीतरी सांगायचं की पद संपलं. एकदा निघाल्यावर माणूस परत जुळतं का?

तू काय म्हणतोस ते स्पष्ट लिही. मग फॉर्म भरीन.

दिपाली


॥ श्री ॥

दिघी,
ता. ७ जुलै २०२४

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

स्पष्ट लिहायला सांगतेस. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

ये म्हणालो तर ते नगरपालिकेसाठी म्हणतो की आईसाठी की माझ्यासाठी, हे माझं मलाच वेगळं करता येत नाही. जुळतं का, असं विचारलंस. मला दुर्बिणीचं माहीत आहे, माणसाचं नाही. पण परत येऊन बघितल्याशिवाय कळत नाही, हे तूच शिकवलंस.

गच्चीवर तुझी तुळस आहे. तुझी म्हणजे तू लावलेलीचं रोप, त्याचं रोप. संध्याकाळी आई तिथं दिवा लावते आणि रस्त्याकडं तोंड करून बसते. कोणाची वाट बघतेस विचारलं तर म्हणते, कोणाची नाही, वारा चांगला येतो.

ये.

दादा


हैदराबाद,
ता. ९ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

निवड झाली. तुला फोन केला तेव्हा बोलता आलं नाही, नुसती रडले, आणि तूही तिकडून हूं हूं करत राहिलास, आईसारखा.

पण आता खरं लिहिते. कागदपत्रांसाठी नानासाहेबांशी बोलले. त्यांनी सरळ सांगितलं. मॅडमना मी पाटेगावला हवी आहे, पण भाऊ खात्याचा प्रमुख आणि बहीण त्याच्या हाताखाली, तिनं आखायचं आणि त्यानं मंजूर करायचं, असं त्या होऊ देणार नाहीत. उद्या कुणी बोट दाखवलं तर सगळ्या कक्षाचंच नाव जाईल. दादा, मॅडमचं बरोबर आहे. आपण त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

तर मला दुसरं गाव मिळेल. विदर्भाकडं जागा रिकाम्या आहेत म्हणे. तिथंही नळांना पाणी लागतंच. निवड यादीत आखणीचं काम येणारं दुसरं कुणी नाही म्हणे, तेव्हा पाटेगावचं टेबल मात्र रिकामं राहणार आणि निविदा निघणार, त्याचं वाईट वाटतं. ऋता विचारते, आपण आजीकडं जाणार होतो ना? आईला अजून काही सांगू नकोस. तिला रस्त्याकडं बघू दे.

दिपाली


॥ श्री ॥

दिघी,
ता. १६ मार्च २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसरीकडची संमती इतक्यात देऊ नकोस. थोडं थांब. आईला मी काही सांगितलेलं नाही.

दादा


हैदराबाद,
ता. १८ मे २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, पाटेगाव! ऑर्डर हातात आहे. तीनदा वाचली. तू मॅडमना काय सांगितलंस? नानासाहेब फोनवर नुसते खोकले आणि म्हणाले, ताई, तुम्ही या. तू तर दोन महिने पत्रच लिहीत नाहीस, वहिनी फोनवर इकडचं तिकडचं बोलते. पाण्याचा जार माझ्या टेबलावरून काढला का?

कंपनी मला जूनच्या मध्याशिवाय सोडत नाही. एकदा आले की पहिल्या रविवारी आपण दोघं माळवस्तीत जाऊ. मला त्या तोटीखाली हात धरायचा आहे, आणि तू शेजारी हवास. मग दिघीला सगळे एका पंगतीला. आईला वाढू द्यायचं नाही, मी वाढणार.

धावत येते आहे.

दिपाली


॥ श्री ॥

दिघी,
ता. २९ मे २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र आईजवळ ठेवून जातो. तू येशील तेव्हा ती पोथीखालून काढून देईल.

मी बदली मागून घेतली. आपल्या गावाकडे नवी नगरपंचायत झाली आहे, तिथं अभियंता कुणी जायला तयार नव्हता. अर्ज केला तेव्हा नानासाहेबांनी चष्मा काढून विचारलं, सयाजीराव, लोक तिकडून इकडे यायला देव पाण्यात ठेवतात, तुम्ही उलटे कुठं निघालात? मॅडमनी एकदाच विचारलं, नक्की का? मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.

रागावशील, माहीत आहे. पण बघ. मी राहिलो असतो तर टेबल रिकामं राहिलं असतं. सही करायला पाटेगावला दुसरा अधिकारी मिळेल. आखायला तूच. आणि आई. इतकी वर्षं मी तिच्याजवळ होतो आणि ती तुझी वाट बघत होती. आता थोडे दिवस माझी बघेल. तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी माझ्या डब्यात लसणाची चटणी भरून दिली, आणि मग म्हणाली, एकाला बोलवावं तर दुसरा जातो, माझ्या नशिबी तराजूच हाय. पण तू येणार म्हणून खोली सारवल्यासारखी झाडून ठेवली आहे.

तुला न भेटता का निघालो, हेही विचारशील. रुजू व्हायची तारीख आहे हे एक. आणि तू दारात उभी दिसलीस तर माझा पाय निघाला नसता, हे दुसरं.

दुर्बीण पेटीत आहे. चावी चिमाजीकडे, तो तुलाही सहज हात लावू देणार नाही. जार काढला आहे. टेबल मी स्वतः पुसलं. माळवस्तीत जा, माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझी वहिनी माझ्याबरोबर येते आहे. आमचा समर्थ तू येईपर्यंत आईजवळ आहे, मग कॉलेजच्या हॉस्टेलवर राहील, सुट्टीत त्याला जेवायला बोलाव.

माझ्यावरचा राग ओसरला की लिही. तोवर मी वाट बघतो. घरात ती सवय आहेच.

तुझा,
दादा


दिघी,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही. ठरवलं होतं की वर्षभर लिहायचं नाही. आईनं मोडलं. काल पोथीखालचे सगळे कागद काढून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, ह्याच्यात ह्या पावसाळ्याचं एक बी न्हाई. म्हणून बसले.

तुझ्या टेबलावर आता एक श्री. कुलकर्णी आले आहेत, बरे आहेत, विचारून सही करतात. आधी काय विचारायचं ते समजून घेतात, म्हणजे बरेच बरे आहेत. मोठ्या योजनेची मोजणी अर्धी झाली. स्वप्नाली आता मला चुका दाखवते, न दुखावता. ते ती तुझ्यावर शिकली असावी.

माळवस्तीत गेले होते. एकटी नाही, आईला घेऊन. शालनबाईंनी तोटी सोडली आणि मी हात धरला. पाणी गार होतं. एवढंच, दादा. इतकी वर्षं मला वाटायचं काहीतरी होईल. पाणी गार होतं, आणि मी वळून शेजारी बघितलं.

बुधवारी खंडेनवमी झाली. चिमाजी पाट घेऊन आला, झेंडू घेऊन आला, आणि पेटीपाशी येऊन अडला. कुंकवाची वाटी हातात तशीच. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग आई, मी तिला पूजेला आणलं होतं, ती उठली, वाटी घेतली आणि दुर्बिणीला नाही, स्वप्नालीच्या हाताला कुंकू लावलं. मग माझ्या. मग चिमाजीच्या, तर तो म्हातारा रडायलाच लागला. मग विचारते, सयाजीचा हात कुठं हाय? मग तिनं उरलेलं बोट स्वतःच्याच पदराला पुसलं. पदर धुवायला देत नाही.

पूजा झाल्यावर आम्ही दुर्बीण घेऊन मोजायला गेलो. पूजेनंतर सुट्टी दिली होती, तरी सगळे आले.

दिवा आई लावते. तोंड अजून रस्त्याकडंच. मीही शेजारी बसते. वारा खरंच चांगला येतो.

राग गेलेला नाही, पण माया त्याच्यापेक्षा जुनी आहे. ती जपून ठेव.

दिपाली


॥ श्री ॥

ता. १९ ऑक्टोबर २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या वहिनीनं आधी फोडलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पदरापाशी ती थांबली. पुढचं मी वाचलं.

इथं कचेरी म्हणजे जुन्या चावडीतल्या दोन खोल्या. इथल्या पाण्याच्या योजनेसाठी सल्लागार नेमावा, असा ठराव तयारच होता. मी सदस्यांना म्हटलं, आधी आपण मोजून तरी बघू, मग काय विचारायचं ते कळेल. दुर्बीण मागवली आहे, यायला वेळ लागेल. दोन मुलं घेतली आहेत शिकायला. तुझे धडे त्यांना तसेच्या तसे देतो, परत यायचा धडा सगळ्यात आधी.

तोवर इथल्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. आपल्या शाळेच्या आवारात टाकी बसवायची आहे, म्हणून शाळेच्या भिंतीपाशी गेलो. भिंतीच्या अलीकडं मी टोक धरून उभा राहिलो, पलीकडं कोण उभं होतं ते दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं पाणी स्थिर झालं. सवयीनं मी ओरडलो आणि पलीकडून आवाज यायला उशीर लागला. तेवढ्यात मी पुन्हा विचारणार होतो. मग आठवलं की पलीकडं तू नाहीस. पण टोक हलवलं नाही.

आईला सांग, हिवाळ्यात येतो. माझ्या हाताचं कुंकू ठेवायला सांग.

इकडं थांबलं. तिकडं?

दादा